लळिताचं मागणं

आवाजाला भोक पडतं, हे केतकी टेंभेकरला कोडवलीच्या नरसिंहाच्या उत्सवात कळलं.

संध्याकाळची वेळ. केतकीच्या कीर्तनाचा पूर्वरंग संपला होता आणि मध्यंतरीचा नामाचा गजर चालू होता. सभामंडपात शे-दोनशे माणसं टाळ्यांवर एका सुरात नाम घेत होती, शेजारी पेटीवर मंदारदादा, त्याच्या पलीकडे तबला, आणि केतकी झांजा घेऊन गादीवर मागंपुढं डोलत होती. तिला जन्मापासून दिसत नाही. पण गजर तिला असा कळतो की डोळसांनी हेवा करावा. तिच्या लेखी गजर म्हणजे काठोकाठ भरलेला हौद. त्यात उतरलं की अंग हलकं होतं आणि देव हाताशी येतो.

त्या दिवशी त्या हौदात खळगा होता. डावीकडे, बायकांच्या बाजूला, मंडपाच्या खांबाजवळ कुठंतरी. तिथं आवाज नुसता कमी नव्हता, तो खचत होता. शेजारच्या बायकांचे सूर त्या जागेवर आले की पाय घसरल्यासारखे खाली जात. आणि गंमत अशी की तो खळगा गात होता. नाम वर चढलं की तोही चढे, पण किंचित खालीच राहून. आणि ओळ संपायच्या आधी, इतरांचा दम टिकलेला असताना, तो एकदम भरून येई. जणू तिथल्या कुणाचा श्वास आधीच संपत होता.

असं गाणारं माणूस केतकीला जगात एकच माहीत होतं. आणि ते माणूस तिला महिन्यापूर्वी न सांगता सोडून गेलं होतं.

आता हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

रस्त्यावरच्या गाड्या विजेवर धावायला लागल्या आणि शहरं शांत झाली. डोळसांनी आनंद केला. आंधळी माणसं मात्र मरायला लागली. इंजिनाचा आवाज ही त्यांची रस्त्यावरची नजर होती, ती गेली. टायर डांबरावर सरकल्याचा आवाज येईपर्यंत गाडी अंगावर आलेली असे. मोर्चे निघाले, आणि त्यातून सरकारनं ‘कर्णदीप’ आणला. दोन्ही कानांत घट्ट बसणारे दोन बोळे आणि गळ्यात एक चपटी डबी. डबीतले माइक आजूबाजूचे सगळे आवाज पकडतात, कुठला कुठून येतो ते ओळखतात, मुक्या गाडीला आवाज देतात, पायरी आली की सांगतात, खड्डा आला की सांगतात. पण त्यासाठी कान आधी बुजवावे लागतात. म्हणजे यंत्र लावल्यावर माणूस जग ऐकत नाही. यंत्रानं ऐकून पुढं पाठवलेलं जग ऐकतो. कुठलाही आंधळा माणूस शहाणपणानं आपले कान असे दुसऱ्याच्या हवाली करणार नाही. पण रस्ता ओलांडायला दुसरी सोयच उरली नव्हती. ‘कर्णदीप’शिवाय बाहेर पडलात आणि अपघात झाला तर चूक तुमचीच, असा नियमही मागोमाग आला.

यंत्रात आवाज गाळायची सोय होती. तिचं शास्त्र साधं आहे. आवाज ही हवेतली लाट. लाटेला जिथं उंचवटा आहे तिथं बरोबर तेवढाच खळगा ठेवला, की पाणी सपाट होतं. भोंगे, जनरेटर, भांडणारी कुत्री पुसायला हे केलेलं. पण प्रत्येक माणसाच्या आवाजालाही बोटाच्या ठशासारखी ठेवण असते. ती एकदा यंत्राला दिली की ते तेवढंच माणूस पुसतं, आणि रिकाम्या जागी आजूबाजूचा गलका भरतं. तुमच्या समोर उभं राहून कुणी ओरडलं तरी तुम्हाला फक्त बाजार ऐकू येतो. फोन आणि निरोपही यंत्रातूनच येतात; पुसलेल्या माणसाचा फोन वाजत नाही, त्याचं नाव असलेला निरोप वाचला जात नाही.

एकट्या माणसाला असं बेमालूम पुसता येतं. पण दोनशे माणसं एकाच सुरात एकच नाम घेतात, तेव्हा लाटा एकमेकींत मिसळलेल्या असतात. एकीला पुसायला गेलं की शेजारणींचेही तुकडे जातात. यंत्र करणाऱ्या हुशार पोरांनी ऑफिसं तपासली होती, बाजार तपासले होते. गजरात ते कुणी तपासलं नव्हतं.

केतकी एरवी गादीवर बोळे काढून ठेवी. यंदा मंदार म्हणाला होता, “राहू दे गं. गेल्या साली तोल जाऊन स्टेजवरून उतरलीस, आठवतंय ना? हे कड सांगतं.” म्हणून ते कानात होते.

तिनं झांजा एका हातात घेतल्या आणि दोन्ही बोळे उपटून काढले.

हौद भरला. खळग्याच्या जागी एक ओबडधोबड, किंचित उतरलेला, लाडका आवाज होता.

“हेमांगी?” ती म्हणाली. गळ्यात माइक होता, त्यामुळे अख्ख्या मंडपानं ऐकलं. गजर थबकला.

खांबाजवळून उत्तर आलं, “आता ऐकू आलं होय बाईंना.”

नारदाच्या गादीवर उभं राहिलेल्या माणसानं आरती होईपर्यंत गादी सोडायची नाही, हे केतकीनं लहानपणापासून पाळलेलं. तिनं ती सोडली नाही. उत्तररंगाला प्रल्हादाचं आख्यान होतं, ते तिनं लावलं. पण ऐकणारे अजून सांगतात की तसा हिरण्यकश्यपू त्यांनी कधी ऐकला नव्हता. ना गदा, ना गडगडाट. एक काळजी करणारा घरचा माणूस. “पोराच्या भल्याचंच पाहत होता हो तो,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “विष देतानाही त्याला वाटत होतं, औषधच देतोय.” पेटीवर मंदारची बोटं दोनदा चुकली.

आरती झाली. पाया पडणारे पांगले. देवळामागच्या पारावर हेमांगी आणि इरफान बसले होते. हेमांगीला सावल्या दिसतात, तेवढंच. सावल्या दिसतात म्हणून सरकारच्या हिशेबी ती पुरती आंधळी नाही, आणि म्हणून तिला ‘कर्णदीप’ नाही. ती आणि इरफान दोघं मिरजेत फिजिओथेरपी करतात. इरफानला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, पण तेवढ्यानं त्यालाही यंत्र नाही; जीभ मात्र पुरी आहे.

केतकी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. “तू गेली नव्हतीस?”

“मी? तुझ्या दारात रोज येत होते. हाका मारत होते. तू गुणगुणत बाजूनं निघून जायचीस. सोडायचं तर सांगून सोडावं, एवढी तरी रीत असते की नाही?”

“फोन?”

“केले. मग एसटी स्टँडवर गाठलं. दंडाला धरलं.” हेमांगी म्हणाली. “काठी घातलीस तू मला.”

केतकीला ती दुपार आठवली. गर्दीत मागून कुणीतरी धरलं होतं आणि कानात यंत्र किंचाळलं होतं, ‘अनोळखी व्यक्ती, सावध.’ हात अनोळखी नव्हता. तिला क्षणभर वाटलंही होतं तसं. पण यंत्र सांगतंय म्हटल्यावर तिनं आपल्या कातडीवर विश्वास ठेवला नव्हता.

“कुठं लागलं?”

“कोपराच्या वर. निळं पडलं होतं म्हणतात. मला निळं काय कळतंय, दुखलं ते कळलं.”

“आणि मला ऐकवून ऐकवून माझ्या कानाला घट्टे पडले,” इरफान म्हणाला. “बुवा, आपल्या कोपरवाल्या सगळ्यांचे निरोप पाठवले. तुमच्याकडून एकाचं उत्तर नाही. आम्ही समजलो, आता मोठ्या कीर्तनकार झाल्या.”

‘कोपर’ हा त्यांचा गट. आंधळी किंवा अधू नजरेची, आणि समलिंगी किंवा तृतीयपंथी अशी पाच-सात माणसं. आंधळं माणूस चालताना सोबत्याचं कोपर धरतं, त्यावरून ते नाव. त्या कोपरानंच केतकी आणि हेमांगीला इतकी वर्षं लपवलं होतं. दोन डोळस बायका एकमेकींना इतकं बिलगून बाजारातून चालल्या असत्या तर लोकांनी वळून पाहिलं असतं. या दोघी चालायच्या तेव्हा लोक हळहळत. बिचाऱ्या, एकमेकींच्या आधारानं चालल्यात. कुणी रस्ता करून देई, कुणी केळी हातात ठेवी. प्रेमातली माणसं म्हणून त्यांना जगात जागा नव्हती, पण दुबळी म्हणून वाटेल तेवढी होती. हेमांगीला त्याचं हसू यायचं. केतकीला राग यायचा, पण ती तो गिळायची. कीर्तनकार बाई, गावोगावची बोलावणी, देवळांचे विश्वस्त. गिळायची सवय झाली होती.

त्या संध्याकाळी तो राग गिळला जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेत मंदार पेटीचा भाता पुसत होता. केतकी समोर बसली.

“दादा, हेमांगीचा आवाज यंत्राला कुणी दिला?”

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हे सगळं त्यानं न बोलता केलं होतं. “मी,” तो म्हणाला. “यंत्र घेताना पालक नोंदवावा लागतो, तिथं माझी नोंद आहे. कर्णदीपवाल्यांनी विचारलं, कुणाचा त्रास आहे का. मी सांगितलं.”

“माझा त्रास तू ठरवणार?”

“केतू, आई गेल्यापासून तुझ्या मागं पेटी घेऊन गावोगाव फिरतोय. माझी नोकरी गेली त्यात, कधी बोललो? लोक कीर्तनाला बोलावतात ते तुझ्या पाया पडायला. उद्या कळलं की बाई तसली आहे, तर पाया पडतील?”

“तसली म्हणजे?”

“आता माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.”

“तू माझ्या कानातून माणूस काढलंस, दादा. मी तिला काठीनं मारलं. माझ्या हातानं मारवलंस तू.”

मंदारनं भाता मिटला. “ते मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला, आणि ते खरं होतं. मग म्हणाला, “काल गादीवरून तिचं नाव घेतलंस. देवस्थानचे आबा विचारत होते, कोण ही. मी म्हटलं, मैत्रीण. पुढं काही विचारलं असतं तर?”

“तर पुढचं सांगायचंस.”

“उत्सव होऊ दे. घरी गेल्यावर बघू.”

“आत्ता काढ.”

“घरी गेल्यावर,” तो म्हणाला, आणि आंघोळीला गेला.

बोळे आता केतकीच्या पदराच्या गाठीत होते. धर्मशाळा आणि देऊळ यांच्यामध्ये हमरस्ता. मुक्या गाड्यांचा. तिला देवाच्या दारात जायचं तर एक तर ते बोळे घालायचे, नाहीतर कुणाच्या तरी हाताला धरायचं. ती रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली, आणि उभी असताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला रडू येत नाहीये, हात शिवशिवतायत. शेवटी इरफान आणि हेमांगीनं पलीकडून येऊन तिला गाठलं. ते तिघं एकमेकांची कोपरं धरून, मोठ्यानं आरोळ्या देत, गाड्यांना थांबायला लावत पलीकडे गेले. एक गाडीवाला म्हणाला, “मशीन लावा की, फुकट मिळतंय.”

पारावर बसून त्यांनी जिल्हा अंध मंडळाच्या भोसेकर सरांना इरफानच्या फोनवरून गाठलं. सर स्वतः आंधळे, जन्मभर आंधळ्यांसाठी झिजलेले. केतकीला त्यांच्याकडून आशा होती.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. “पालकाची अट आम्हालाही टोचतेच,” ते म्हणाले. “पण केतकी, हे यंत्र आल्यापासून आपल्या मंडळात रस्त्यावर कुणी गेलेलं नाही. मी स्वतः खांदे दिलेत त्याआधी. आता तू म्हणशील तुझ्या या... खासगी प्रकरणावरून बोंब मारू या. पेपरवाले अट विसरतील आणि हेच चघळतील. आंधळ्यांवर येणारी दया आटेल. एवढ्यानं काय अडलंय?”

“सर, मी दया मागत नाहीये.”

“दुसरं काय असतं आपल्याकडे?” सर म्हणाले. आणि मग, खरोखरच्या कुतूहलानं, “शिवाय एक सांग, दिसतच नाही तर बाई आवडते की पुरुष, हे कळतं तरी कसं?”

“अंधारात सगळ्यांनाच कळतं की, सर,” इरफान म्हणाला. “डोळस काय दिवे लावून बसतात?”

सरांनी फोन ठेवला.

पुण्याच्या एका समलिंगी संघटनेलाही इरफाननं सकाळीच विचारलं होतं. ती माणसं भली. त्यांना फार वाईट वाटलं. ती म्हणाली, व्हिडिओ पाठवा, त्याशिवाय लोकांच्या मनाला भिडत नाही. इरफाननं विचारलं, पुसलेल्या आवाजाचा व्हिडिओ कसा काढतात. त्यावर त्यांनी एक चित्र पाठवलं. त्यात काय होतं ते अजून तिघांपैकी कुणाला माहीत नाही.

“इकडे आपण फार आंधळे,” हेमांगी म्हणाली, “आणि तिकडे फार तसले.”

“उद्या लळित आहे,” केतकी म्हणाली.

कोडवलीच्या लळिताची एक रीत आहे. उत्सवाच्या शेवटच्या दुपारी उत्सवमूर्ती मंडपात आणून बसवतात. कीर्तनकारानं गावाच्या वतीनं देवापुढं पदर नाहीतर उपरणं पसरायचं आणि मागायचं. पाऊसपाणी, लेकीसुना, गुरंढोरं, जे गावाला हवं ते. प्रत्येक मागण्याला गुरव पदरात तुळस टाकतो. म्हणजे देवानं दिलं. सगळी मागणी पुरी झाली की आरती, आणि आरती झाली की देव गाभाऱ्यात. मध्ये कुणी उठायचं नाही, पेटीवाल्यानंही नाही. मागणं अर्धवट राहिलं तर देव बाहेरच.

मंडप भरला होता. केतकी गादीवर आली ती बोळे न घालता. गळ्यातली डबी मात्र होती. खांबाजवळ हेमांगी, इरफान आणि मिरजेहून आलेले बाकीचे कोपरवाले बसले होते. केतकीनं पदर पसरला.

पाऊस मागितला, तुळस पडली. पिकं, लेकरं, म्हातारी माणसं. तुळस पडत गेली. मग ती थांबली.

“आता शेवटचं,” ती म्हणाली. “हे देवाकडे मागत नाही. देवानं मला डोळे दिले नाहीत, त्याची माझी कधी तक्रार नव्हती. कान दिले, गळा दिला, आणि एक बाई दिली. ती तिथं खांबाशी बसलीय. हेमांगी. तिच्यावर माझं प्रेम आहे, तुमचं तुमच्या घरधन्यावर असतं तसं. मैत्रीण म्हणून सांगितलं असेल कुणी, तर ते अर्धंच सांगितलं.”

कुठंतरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

“ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं, रीत मोडल्याचं पाप माझ्यावर. पण आधी ऐका. या डबीची किल्ली माझ्याकडे नाही. माझ्या भावाकडे आहे. त्यानं तिचा आवाज माझ्या कानातून काढला, आणि महिनाभर मी तिच्यासमोरून मुक्या जनावरासारखी गेले. भाऊ माझा वाईट नाही. माझं सगळं त्यानं केलंय. आणि म्हणूनच मला जास्त राग येतो, की ज्याच्या हातचं खाल्लं त्याच हातानं माझे कान बुजवले, आणि त्याला कायद्यानं मुभा दिली. माझं मागणं एवढंच. माझ्या कानांची किल्ली माझ्या पदरात टाका.”

गुरव तुळस हातात धरून उभा राहिला. हे देणं त्याच्या हातातलं नव्हतं. सगळा मंडप पेटीकडे बघत होता. केतकीला ते दिसत नव्हतं, पण मंदारच्या श्वासावरून कळत होतं.

पुढच्या रांगेतून आबा, देवस्थानचे मुख्य, घसा खाकरून म्हणाले, “मंदार, काय असेल ते दे बाबा. देव खोळंबलाय.”

मंदार बसल्या जागेवरून सरकला. त्यानं बहिणीच्या गळ्यातली डबी हातात घेतली. पालकाचा आवाज हीच तिची किल्ली होती. “मंदार टेंभेकर,” तो म्हणाला. “पालकत्व सोडतोय.”

डबी बोलली. पालकबदल सगळ्यांसमक्ष व्हावा म्हणून ती अशा वेळी मोठ्यानं बोलते, आणि केतकीच्या गळ्यातला माइक जवळच होता. गोड, बाईचा आवाज मंडपभर घुमला. “नोंद घेतली. नवा पालक सांगा.”

“मीच,” केतकी म्हणाली. “केतकी टेंभेकर.”

“लाभार्थी स्वतः पालक होऊ शकत नाही. नवा पालक सांगा.”

“मला पालक नको.”

“पालकाशिवाय सेवा बंद राहील. नवा पालक सांगा.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या कुणी साथ दिली नाही.

“मी छत्तीस वर्षांची आहे,” केतकी डबीला म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि तेच ऐकवत नव्हतं. “मी मत देते. कर भरते. या सगळ्यांना देवाची वाट दाखवायला मला इथं उभी करतात.”

“नवा पालक सांगा.”

मंदार तिथंच गुडघ्यावर बसून होता. “मला हे ठाऊक नव्हतं, केतू,” तो हळू म्हणाला. “मला वाटलं, मी सोडलं की तुला मिळतं.”

“सोडलंस ते बरं केलंस. त्याचं मागाहून बोलू.”

“म्हणजे आता?”

गुरव पुढं आला. “ताई, उन्हं उतरली. आरती घ्यायची?”

“कशी घ्यायची, तात्या? मागणं राहिलंय.” पदर तसाच पसरलेला होता. “आणि देव आत गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही, ही रीत तुमचीच.”

मंडपात कुजबुज उठली. पोरांना भूक लागली होती, बाहेर गावजेवणाच्या पंगती खोळंबल्या होत्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “देव काय बाहेर झोपणार?” दुसरी म्हणाली, “मग त्या मेल्या डबीला सांग.” दोघंचौघं उठून गेले, चपला फरफटवत, ऐकू जाईल असे गेले. बाकीचे बसून राहिले. कितीकांना राग केतकीचा आला होता, कितीकांना डबीचा, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण रीत रीत होती.

“दादा,” केतकी म्हणाली, “सूर दे.”

“कुठला?”

“नमनाचा. पूर्वरंग पुन्हा लावतेय, पहिल्यापासून.”

मंदार उठला. मग पेटीमागं जाऊन बसला आणि त्यानं भाता ओढला.

पुढच्या रांगेत आबांनी खिशातून फोन काढला होता. त्यांचा आवाज एरवीही गावच्या टोकाला ऐकू जाई. “हॅलो, कर्णदीपचं ऑफिस का?” ते म्हणत होते. “कोडवलीहून बोलतोय. आमचा देव बाहेर बसलाय तुमच्यापायी. तुमचा साहेब कुठं बसलाय तेवढं सांगा.”